ग्वांगझूची देवळे: कँटन फेअरच्या मधल्या मोकळ्या दिवसांसाठी

कँटन हे ग्वांगझूचे जुने नाव. इथली कँटन फेअर, म्हणजे मोठी व्यापारी जत्रा, वर्षातून दोनदा भरते. वसंतातली १५ एप्रिलपासून ५ मेपर्यंत, शरदातली १५ ऑक्टोबरपासून ४ नोव्हेंबरपर्यंत. तीन टप्पे असतात आणि दोन टप्प्यांच्या मधे काही दिवस मोकळे जातात. आपली मंडळी ते दिवस एक तर होलसेल बाजारात काढतात, नाहीतर हॉटेलात झोपून. त्यातला एक दिवस जुन्या शहरासाठी ठेवा, एवढ्यासाठी हा लेख. नोकरीसाठी किंवा शिकायला येणाऱ्यांनाही तो चालेल, फक्त त्यांनी एका दिवसात सगळे उरकायचा हट्ट सोडावा.

चीनमधली देवळे म्हटली की लोकांना बीजिंग किंवा शाओलिन आठवते. ग्वांगझूची गोष्ट वेगळी आहे. इथले जवळपास सगळे परके धर्म समुद्रातून आले, जहाजातल्या मालाबरोबर. पाचव्या-सहाव्या शतकांत भारतातले भिक्षू याच बंदरात उतरले. मध्य भारतातला गुणभद्र ४३५ मध्ये आला, उज्जैनचा परमार्थ ५४६ मध्ये. परमार्थाने आयुष्याची अखेरची वर्षे इथेच भाषांतरे करण्यात घालवली आणि ५६९ मध्ये तो इथेच वारला. उलट दिशेने यीजिंग हा चिनी भिक्षू ६७१ मध्ये इथूनच एका इराणी जहाजात बसून निघाला आणि पुढे नालंदेला पोचला. ७५० च्या सुमारास ज्यानझन नावाचा भिक्षू इथून गेला. त्याच्या प्रवासवर्णनात या शहरातल्या तीन ब्राह्मण देवळांची नोंद आहे, त्यांत राहणाऱ्या ब्राह्मणांची आणि तळ्यातल्या निळ्या कमळांचीही. त्या देवळांचा आज मागमूस नाही. पण हे बंदर आहे, एवढे डोक्यात ठेवून फिरलात तर पुढची प्रत्येक जागा आपोआप उलगडते.

दिवस कुठला निवडायचा

आधी तिथी पाहा, मग तारीख. चिनी चांद्र महिना आपल्या मराठी महिन्यासारखाच अमावास्येपासून मोजला जातो, त्यामुळे घरचे पंचांग इथे थेट उपयोगी पडते. त्यांचा पहिला महिना म्हणजे साधारण आपला माघ, चौथा म्हणजे वैशाख. अधिक महिना आला की गणित थोडे हलते, पण अंदाज चुकत नाही.

दर महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी या देवदर्शनाच्या तिथ्या. म्हणजे आपली अमावास्या-प्रतिपदा आणि पौर्णिमेच्या आसपासचा दिवस. त्या दिवशी शहरातली सगळी मंदिरे गच्च भरतात, धुराने डोळे चुरचुरतात आणि शांतपणे काही पाहणे अवघड होते. गर्दीच पाहायची असेल तर मात्र तोच दिवस बरा. भाविक कसे येतात, आज्या नातवंडांना हात कसे जोडायला शिकवतात, ऑफिसला निघालेली पोरे-पोरी दोन मिनिटांत काय मागून जातात, हे एरवी दिसत नाही.

ग्वानयिन, म्हणजे आपला करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, पण इथे स्त्रीरूपात, हिचे तीन मोठे दिवस दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या एकोणिसाव्या तिथीला येतात. आपल्याकडे तेव्हा फाल्गुन, आषाढ आणि आश्विनातली संकष्टी जवळ आलेली असते. बाराव्या महिन्याच्या आठव्या तिथीला बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीचा दिवस पाळतात आणि मंदिरांतून धान्य-कडधान्यांची गरम पेज वाटतात. तिच्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात.

आपल्याकडच्या बौद्ध वाचकांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. इथे बुद्धजयंती वैशाख पौर्णिमेला नसते, चौथ्या महिन्याच्या आठव्या तिथीला असते, म्हणजे साधारण आठवडाभर आधी. २०२५ मध्ये ती ५ मे रोजी आली, आपली बुद्धपौर्णिमा १२ मे रोजी. त्या दिवशी फुलांनी सजवलेल्या पात्रात बाल बुद्धाची छोटी मूर्ती उभी असते. एक हात आकाशाकडे, एक जमिनीकडे. लोक रांगेने येऊन तिच्यावर पळीने सुगंधी पाणी घालतात. परक्या माणसालाही रांगेत उभे राहता येते, कोणी अडवत नाही. वसंतातली फेअर आणि ही तिथी कधी कधी एकमेकांना गाठतात, तेव्हा तिकीट काढतानाच पाहून ठेवा.

फोनची तयारी

ही भारतात असतानाच करा. अलिपे किंवा वीचॅट यांना आपले कार्ड जोडून ठेवा. मेट्रोचा क्यूआर कोड, प्रवेशिका, जेवण, सगळे त्यावर चालते. दानपेटीवरसुद्धा क्यूआर कोड चिकटवलेला असतो, पण थोड्या सुट्या नोटा खिशात असू द्या. गूगलचे नकाशे तिथे चालत नाहीत, म्हणून चिनी नकाशाचे ॲप आणि ऑफलाइन भाषांतराचे ॲप आधी उतरवून घ्या. पासपोर्ट जवळ ठेवा, काही ठिकाणी प्रवेशाची नोंद करताना लागतो.

मी इथे नावे देवनागरीत दिली आहेत, पण ती वाचून टॅक्सीवाल्याला सांगाल तर तो तुमच्याकडे बघत राहील. हॉटेलच्या काउंटरवर मंदिरांची नावे चिनी लिपीत लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा. यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

दारातून आत जाताना

ही मंदिरे वापरातली आहेत, संग्रहालये नाहीत. आपल्या देवळात परका माणूस कसा वागावा असे आपल्याला वाटते, तसे वागलात की नव्वद टक्के काम झाले. उरलेले दहा टक्के असे.

गुडघे आणि खांदे झाकलेले कपडे. बूट काढायचे नाहीत, ही सवय मोडताना आपल्याला अवघड वाटते, पण इथे कोणीच काढत नाही. उंबरा मात्र उंच असतो आणि त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचे. मधल्या दारातून न जाता बाजूच्या दारातून जाण्याचा संकेत आहे. मूर्तीकडे बोट दाखवू नका. दालनाच्या आत मूर्तीचा फोटो काढू नका, पाटी असो वा नसो. अंगणातून, छपरांचे, झाडांचे हवे तेवढे काढा. भिक्षू समोर आला तर हात जोडून ‘अमितोफो’ म्हटले की पुरे, अमिताभ बुद्धाचे हे नाव नमस्कारासारखे वापरतात. हाक मारायची झाली तर ‘शिफू’, भिक्षुणीलाही तेच. फोटोसाठी त्यांच्या खांद्यावर हात टाकू नका.

उदबत्ती तीन काड्यांची. बाहेर फुटपाथवर हातभर लांबीच्या, सोनेरी कागदात गुंडाळलेल्या उदबत्त्या विकणारे मागे लागतील, त्यांची गरज नाही. अनेक मंदिरांत दारातच तीन काड्या फुकट मिळतात आणि त्याहून जास्त लावू नका असे मंदिरच सांगते. पेटवल्यावर ज्योत फुंकून विझवायची नाही, हाताने वारा घालायचा. दोन्ही हातांत धरून कपाळापर्यंत न्यायची, वाकायचे आणि अंगणातल्या मोठ्या धूपपात्रात उभी खोवायची. आत दालनात पेटती उदबत्ती नेत नाहीत. गुडघे टेकायला गाद्या ठेवलेल्या असतात. मधली गादी मंदिरप्रमुखासाठी मानतात, आपण बाजूची घ्यावी. नुसते हात जोडून उभे राहिलात तरी चालते, कोणी टोकत नाही.

मंदिराची मांडणी एकदा कळली की कुठेही चुकल्यासारखे होत नाही. सगळे एका सरळ रेषेत असते आणि बहुधा दक्षिणेकडे तोंड करून. पहिल्या दालनात चार दिक्पाल आणि मधोमध ढेरपोट्या, खो-खो हसणारा मैत्रेय. आपल्याकडे दुकानांत ‘लाफिंग बुद्धा’ म्हणून विकतात तो हाच, तो गौतम बुद्ध नव्हे. त्याच्या पाठीला पाठ लावून, आतल्या बाजूला तोंड करून शस्त्रधारी वेइथुओ उभा असतो, तो धर्माचा रखवालदार. मग मोठे अंगण आणि मुख्य दालन, त्यात बहुधा तीन मोठ्या मूर्ती. त्यामागे किंवा बाजूला ग्वानयिनचे दालन. चीनमध्ये अवलोकितेश्वराला बाईचे रूप आले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर ओळख पटायला वेळ लागेल. कान्हेरी किंवा औरंगाबादच्या लेण्यांतला, आठ संकटांतून सोडवणारा अवलोकितेश्वर पाहिला असेल तर मात्र लगेच जुळते. त्या आठांत जहाज बुडण्याचे संकटही आहे, आणि इथल्या दर्यावर्दी लोकांनी ग्वानयिनला धरून ठेवले त्यात नवल नाही.

दीक्षाभूमीच्या परंपरेत वाढलेल्या वाचकांना इथे काही गोष्टी खटकतील. नवस, पितरांच्या नावाच्या पाट्या, परीक्षेत पास होण्यासाठी मंजुश्री या विद्येच्या बोधिसत्त्वापुढे ठेवलेली हॉलतिकिटाची प्रत. हा महायान आहे आणि त्यात दोन हजार वर्षांची चिनी लोकश्रद्धा मिसळली आहे. वाद घालायला जाऊ नका. सायंकाळच्या पाठाला मागे जाऊन बसा, तो दुपारी चारच्या सुमारास सुरू होतो. लाकडी मत्स्याकार वाद्याच्या ठेक्यावर भिक्षू आणि गृहस्थ एकत्र म्हणतात, आणि तिथले वातावरण विहारातल्या वंदनेपेक्षा फार दूरचे वाटत नाही.

चालायचा रस्ता

फेअरचे मैदान पाझौला आहे. तिथून मेट्रोची आठवी लाइन घ्या, चांगगांगला दुसरी पकडा, गोंगयुआनछ्यानला पहिलीवर बदलून एकच स्टेशन पुढे शिमेनखौला उतरा. सकाळी लवकर निघा, कारण देवळे संध्याकाळी पाचच्या आसपास मिटतात.

पहिले ग्वांगश्याव मंदिर. ‘आधी ग्वांगश्याव, मग शहर’ अशी इथली म्हण आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात हे नानयुए राज्याच्या राजघराण्यातल्या एकाचे निवासस्थान होते. तिसऱ्या शतकात यू फान नावाचा विद्वान राजाची मर्जी गेल्यामुळे हद्दपार होऊन इथे राहिला, शिष्यांना शिकवू लागला. त्याच्यामागे घरच्यांनी वाडा देवळासाठी देऊन टाकला. पुढे काश्मीरकडचा भिक्षू धर्मयशस् याने इथे बुद्धमंदिर उभारले. परमार्थाचे भाषांतराचे कामही याच आवारात चालले.

इथे घाई करू नका. मुख्य दालनाच्या मागे पिंपळ आहे. ५०२ मध्ये एका भारतीय भिक्षूने समुद्रमार्गे रोप आणून लावले, अशी परंपरा. मूळ झाड वादळात पडले, तेव्हा त्याच वंशातल्या झाडाची फांदी शाओग्वानजवळच्या नानह्वा मंदिरातून आणून लावली, ते आजचे. या पिंपळाखाली ६७६ मध्ये ह्वेइनंगचे केस उतरवून त्याला रीतसर भिक्षू केले. हा माणूस लाकूडतोड्या, अक्षरशत्रू, आणि तरी चान पंथाचा सहावा आचार्य. गादीचा वारसा गुपचूप मिळाल्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या भीतीने तो कित्येक वर्षे दक्षिणेत लपून राहिला होता. या मंदिरात आला तेव्हा दोन भिक्षू वाद घालत होते. एक म्हणे पताका हलते, दुसरा म्हणे वारा हलतो. ह्वेइनंग म्हणाला, तुमचे मन हलते आहे. जपानमध्ये ज्याला झेन म्हणतात त्या परंपरेतली ही सर्वांत लाडकी गोष्ट आहे आणि ती या अंगणातली आहे. त्याचे केस जिथे पुरले तिथे छोटा मनोरा आहे. बाजूला दोन लोखंडी मनोरे पाहा, पश्चिमेचा ९६३ चा आणि पूर्वेचा ९६७ चा. ओतीव लोखंडावर ओळीने बसवलेले इवले बुद्ध नीट पाहायचे तर जाळीला नाक लावावे लागते.

तिथून दहा मिनिटे चालत ल्यूरोंग मंदिर, म्हणजे सहा वडांचे मंदिर. स्थापना ५३७ ची, कंबोडियातून आणलेल्या बुद्धधातूंसाठी. ११०० मध्ये कवी सू शी हद्दपारीतून परतताना इथे थांबला आणि अंगणातले सहा वड पाहून त्याने दोन अक्षरे लिहून दिली, तेच नाव चिकटले. इथला सत्तावन्न मीटरचा मनोरा बाहेरून नऊ मजली दिसतो, आत सतरा पातळ्या आहेत. ९८९ मध्ये घडवलेली ह्वेइनंगची धातूची मूर्ती त्याच्या दालनात आहे. डोळे मिटून बसलेला साधा, हडकुळा माणूस. मला या शहरातल्या सगळ्या मूर्तींत हीच आवडते.

तिसरे दाफो मंदिर, बेजिंग लू या बाजाररस्त्याला लागून. खरे सांगायचे तर इमारतीत जुनेपण फार उरलेले नाही. १६६३ मध्ये ते पुन्हा बांधले आणि अलीकडे त्यात मोठी भव्य भर घातली, संध्याकाळी सगळे सोनेरी दिव्यांनी उजळते आणि तरुण मुले फोटो काढायला येतात. पण १८३९ मध्ये लिन झशू या बादशाही अधिकाऱ्याने अफू जप्त करण्याची मोहीम काढली, तेव्हा माल जमा करायची कचेरी इथे होती. त्या अफूतली बरीचशी माळव्यातली होती आणि मुंबई बंदरातून चढवलेली. हे ठाऊक असले की त्या झगमगाटात उभे राहताना जरा वेगळे वाटते.

दुपारनंतर पाय चालत असतील तर ह्वालिन मंदिर. आठव्या लाइनवर त्याच नावाचे स्टेशन आहे, पहिल्या लाइनचे चांगशौ लूही जवळ. दक्षिण भारतातला बोधिधर्म सहाव्या शतकात जहाजातून उतरला तो इथे, अशी श्रद्धा. आज नदी बरीच लांब सरकली आहे, मंदिर गल्ल्यांत अडकले आहे आणि भोवती जेडच्या बांगड्यांचा बाजार. पाचशे अर्हतांचे, म्हणजे निर्वाणाला पोचलेल्या बुद्धशिष्यांचे, दालन हे इथले वैशिष्ट्य. मूळ मूर्ती सांस्कृतिक क्रांतीत फोडल्या, आताच्या नंतरच्या. त्यांत एक गोल टोपीवाला आहे, त्याला लोक मार्को पोलो म्हणतात. तुमचे वय मोजत अर्हत शोधायचा एक खेळही लोक खेळतात. जेडची पारख नसेल तर बाहेर काही विकत घेऊ नका.

नदीपलीकडे हायच्वांग मंदिर आहे, ते ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. ब्रिटिश आणि पारशी व्यापारी वखारीत राहत, तेव्हा त्यांना शहराच्या तटाच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. महिन्यातले काही ठरावीक दिवस लहान गटाने या मंदिरात आणि जवळच्या बागांत फिरायची तेवढी मुभा असे.

जेवणाचे

शाकाहारी माणसाला ग्वांगझू अवघड, पण मंदिराजवळ सोपे. ‘चि सू’ म्हणजे शाकाहार. मंदिराच्या किंवा मंदिराजवळच्या शाकाहारी खानावळीत मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांची भावंडेही नसतात. भिक्षूंना वर्ज्य असलेल्या पाच उग्र पदार्थांच्या यादीत आपला हिंगसुद्धा आहे, हे आईला सांगितले तर विश्वास बसणार नाही. मेनूत बदक, मासा, कोळंबी अशी चित्रे दिसतील. घाबरू नका, ते सोया, गव्हाचा चिकट भाग आणि अळंबी यांचे केलेले असते. ‘लुओहान झाय’ मागवा: अळंबी, टोफू, कमळकाकडी, शेवया यांची मिसळ. जैन वाचकांनी मात्र कंदमुळांचे वेगळे विचारावे, ती चालतात अशी इथली समजूत.

मंदिराबाहेर जरा जपून. साध्या हिरव्या पालेभाजीवर कालवांचा सॉस ओततात. लांझोउ नूडल्सच्या दुकानांवर हिरवी पाटी असते, ती हलालची. मुस्लिम वाचकांना ती सोय, पण शाकाहाऱ्याने ‘नुसत्या भाज्या घाला’ म्हटले तरी रस्सा गाई-बैलाच्या हाडांचा असतो.

मशीद, चर्च, ताओ मंदिर

ल्यूरोंगपासून चालत ह्वायशंग मशीद. परंपरा तिची स्थापना ६२७ ची आणि पैगंबरांच्या एका सहकाऱ्याच्या नावाने सांगते. इतिहासकार इतके मागे जात नाहीत, पण चीनमधल्या सर्वांत जुन्या मशिदींत ती आहे याबद्दल वाद नाही. छत्तीस मीटरचा गुळगुळीत पांढरा मिनार एके काळी जहाजांना दिवा दाखवत असे. मुस्लिमेतरांना आत सोडतीलच असे नाही, बाहेरून मिनार पाहावा आणि पुढे जावे. कोकणातले किंवा कुठलेही मुस्लिम वाचक शुक्रवारी इथे असतील तर युएश्यू बागेजवळच्या शियानशियान मशिदीत जावे. त्याच सहकाऱ्याची म्हणून मानली जाणारी कबर तिथे आहे आणि जुम्म्याच्या नमाजाला आफ्रिका, अरबस्तान, दक्षिण आशिया, सगळीकडचे व्यापारी जमतात.

यीदे लू हा रस्ता खेळणी आणि सुक्या मासळीच्या घाऊक बाजारासाठी आपल्या व्यापाऱ्यांना माहीत आहेच. त्याच रस्त्यावर ग्रॅनाइटचे कॅथेड्रल उभे आहे, १८६३ ते १८८८ एवढी वर्षे बांधत होते. जुळे मनोरे ५८.५ मीटर. दुसऱ्या अफूयुद्धात उद्ध्वस्त झालेल्या चिनी सुभेदाराच्या कचेरीची ही जागा. त्या सुभेदाराला, ये मिंगछनला, इंग्रजांनी कैद करून कोलकात्याला नेले आणि तो तिथेच १८५९ मध्ये वारला. गोव्या-वसईकडच्या ख्रिस्ती वाचकांनी मासची वेळ दारावर पाहून घ्यावी.

ताओ मंदिर एकच पाहायचे तर सानयुआन गोंग, युएश्यू टेकडीच्या पायथ्याशी. चौथ्या शतकात इथे बाओ गू ही स्त्रीवैद्य राहत होती, औषधी पानांचा शेक देऊन उपचार करणारी. तिची विहीर अजून दाखवतात. ताओ मंदिरांत बांबूच्या नळीतल्या काड्या हलवून उत्तर मागण्याची रीत दिसेल, कोकणातल्या देवाला कौल लावतो तसलाच प्रकार. काडी पडली की तिच्यावरच्या क्रमांकाची चिठ्ठी मिळते. अर्थ सांगणारा माणूस पैसे आधी ठरवत नसेल तर उठून या.

कायदा आणि ठग

चीन सरकार पाच धर्म अधिकृत मानते: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. हिंदू, जैन, शीख, पारशी त्यात येत नाहीत, म्हणून त्यांचे नोंदणीकृत देऊळ शोधत फिरू नका. परदेशी माणूस नोंदणी झालेल्या जागी जाऊन प्रार्थना करू शकतो. धर्मप्रचार करणे, पत्रके वाटणे, चिनी नागरिकांना गोळा करून प्रवचन देणे याला बंदी आहे. घरात गणपती बसवून आरती करणे वेगळे, हॉल घेऊन जाहीर कार्यक्रम करणे वेगळे. दुसऱ्याआधी परवानगीची चौकशी करा. मंदिरात राजकारणावर, विशेषतः तिबेटवर, गप्पा काढू नका. दलाई लामांचे चित्र फोनच्या वॉलपेपरवर असेल तर बदलून टाका.

रस्त्यात कोणी भिक्षूच्या वेषात येऊन मनगटात माळ घातली किंवा सोनेरी ताईत हातात दिला, आणि मग वही पुढे करून आकडा लिहायला सांगितला, तर वस्तू परत देऊन चालू लागा. खरा भिक्षू रस्त्यात गाठून पैसे मागत नाही.

आणखी एक दिवस मिळाला तर

मग शहराबाहेर पूर्वेला नानहाय शेन म्याव, दक्षिण समुद्राच्या देवाचे मंदिर. मेट्रोच्या तेराव्या लाइनवर याच नावाचे स्टेशन आहे. ५९४ मध्ये सुई घराण्याच्या बादशहाच्या हुकुमाने बांधले. जहाजे निघताना इथे पूजा होई, परतल्यावर इथेच आभार. माझ्या मते भारतीय माणसाने ग्वांगझूत पाहायची ही पहिली जागा, आणि नेमकी हीच सर्वांत दुर्लक्षित.

आत दाशी नावाच्या एका परदेशी माणसाची मूर्ती आहे. काळसर चेहरा, अंगावर चिनी सरकारी पोशाख, कपाळावर हात आडवा धरून समुद्राकडे बघणारा. आख्यायिका अशी की तो भारतातून आलेल्या दूतमंडळातला. परतीच्या वाटेवर इथे थांबला, बरोबर आणलेल्या फणसाच्या दोन आठळ्या आवारात लावल्या, देऊळ पाहत रमला आणि जहाज त्याला सोडून गेले. तो किनाऱ्यावर उभा राहून वाट पाहत राहिला आणि तिथेच मेला. लोकांनी त्याला देव करून टाकले. फणसावरून साऱ्या देवळालाच बोलुओ म्याव हे दुसरे नाव पडले. दुसऱ्या महिन्याच्या अकराव्या ते तेराव्या तिथीला, म्हणजे फाल्गुनात होळीच्या आधी दोन-चार दिवस, इथे मोठी जत्रा भरते. लगदा-कागदाचा रंगीत कोंबडा हे जत्रेतले खेळणे, तो घरी आणायला हलका पडतो. आवारातली कोरीव शिळा ८२० ची आहे, मजकूर हान यू या नामवंत लेखकाचा.

मुंबईशी ज्यांना नाते जोडायचे आहे त्यांच्यासाठी वाम्पोआ बंदरातले चांगझौ बेट. तिथे पारशी व्यापाऱ्यांची एकोणिसाव्या शतकातली दफनभूमी आहे. हिरजी जीवनजी १७५६ मध्ये कँटनला आले, त्यानंतर पारशांची रीघ लागली. जमशेटजी जीजीभॉय यांनी याच बंदराशी कापूस आणि अफूचा व्यापार करून संपत्ती कमावली. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टला त्यांचे नाव आहे. पारशी स्त्रियांची ‘गारा’ ही भरतकामाची साडीही कँटनच्याच सुयांतून आली.

आणि ह्वेइनंग मनात राहिला असेल तर ग्वांगझू साउथ स्टेशनवरून शाओग्वानची हायस्पीड रेल्वे घ्या, तासाभराचा प्रवास. पुढे बस किंवा टॅक्सीने नानह्वा मंदिर. ७१३ मध्ये तो वारला, आणि त्याचा म्हणून मानला जाणारा देह तिथे अजून बसलेल्या स्थितीत जपून ठेवला आहे. पासपोर्टशिवाय रेल्वेत चढता येत नाही, आणि सुट्टीच्या आठवड्यात तिकिटे दोन-तीन दिवस आधीच संपतात.